डॉल्बीच्या भिंतीमागचं हिप-हॉप

बेळगावात रॅप म्हटलं की आठवते मिरवणुकीतली डॉल्बी. छाती हादरवणारा ठेका, गाण्यात गाडी, दारू आणि पोरी. जुनी माणसं आठ्या घालतात. त्यांचं चुकत नाही, कानावर पडलं त्यावरूनच त्यांनी मत केलं. पण कानावर काय पडणार हे कुणीतरी ठरवलं, आणि त्याला इतिहास आहे.

गंमत म्हणजे ज्यातून रॅप निघालं त्या हिप-हॉपची सुरुवातही एका अर्थी डॉल्बीतूनच झाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायला पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. घराणं जमैकाचं, आणि तिथे रस्त्यावर स्पीकर रचून गाणी वाजवायची रीत जुनीच. गाण्यात मधेच नुसता ताल उरतो तेव्हा पोरं खरी नाचतात, हे हर्कने हेरलं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत राही. त्यावर माइकवरून यमकं जुळवत बोलणं सुरू झालं.

पुढची काही वर्षं हे सगळं पार्ट्यांत आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींत राहिलं. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं गाजलं. ते म्हणणारे तिघं मात्र त्या पार्ट्यांत नाव कमावलेले नव्हते, न्यू जर्सीतल्या रेकॉर्ड कंपनीने जमवलेले होते. त्यातला एकजण चक्क ब्राँक्सचा रॅपर ग्रँडमास्टर कॅझ याच्या ओळी म्हणत होता, आणि श्रेयात कॅझचं नावच नाही! बाजाराशी पहिली गाठ पडली ती अशी. पुढे १९९६ च्या अमेरिकी दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादा उठवली. काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनेलकडे बाराशेहून जास्त स्टेशनं गेली. गावोगाव तीच तीच गाणी वाजू लागली, त्यात याचा वाटा मोठा.

या कायद्याच्या आधीच लॉस एंजेलिसमध्ये वेगळंच चाललं होतं. ‘गुड लाइफ कॅफे’ या पौष्टिक खाण्याच्या दुकानात १९८९ पासून गुरुवारी रात्री माइक खुला असे. शिवी चालत नसे. म्हणणाऱ्यात दम नसला की श्रोतेच ओरडत, माइक पुढे द्या.

मला यात आपला कलगी-तुरा दिसतो. एक पक्ष शक्तीला थोर म्हणणार, दुसरा शिवाला. डफ-तुणतुण्यावर सवाल टाकायचा, समोरच्याने जागच्या जागी उत्तर जुळवायचं. कन्नड गावांत हेच गीगी पद होतं, हरदेशी-नागेशी अशा दोन पक्षांचं. पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून इथे डोकी फुटतात, फडातलं भांडण मात्र दोन्ही भाषांत एकच.

आणि लावणी? तिलाही शिष्ट मंडळींनी बाजारी म्हणून नाकं मुरडलीच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठ्यांनी ‘माझी मैना’ लिहिली तेव्हा त्यांनी उचलला तो याच लावणीचा बाज. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहातून ते अलगद बेळगाव-कारवारवर आले.