किक पॅड कमजोर झालंय: फोम बसला की पिएझो गेला?

इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या संचात सगळ्यात जास्त मार किक पॅड, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायचं पॅड, खातं. बाकीच्या पॅडवर काडी पडते, ती जागा बदलत राहते. किकवर पायाच्या जोराने येणारा जड बीटर, म्हणजे पेडलचा हातोडा, मात्र नेमका त्याच टीचभर जागेवर आदळत राहतो. म्हणून संचातलं पहिलं दुखणं बहुधा इथेच निघतं. हलक्या पायाने वाजवलेले ठोके गायब होतात, किंवा एका ठोक्याला दोन आवाज येतात, किंवा जोर लावल्याशिवाय मॉड्यूल, म्हणजे पॅडच्या ठोक्यांचे आवाज काढणारा डबा, दादच देत नाही.

अशा वेळी हमखास दोन सल्ले मिळतात: फोम बदला, किंवा पिएझो, म्हणजे ठोका टिपणारी चकती, बदला. दोन्ही बिघाडांत कानाला ऐकू येणारा परिणाम जवळजवळ सारखाच असल्यामुळे अंदाजाने एक गोष्ट बदलली जाते आणि तक्रार तशीच राहते. माझं मत असं, की पॅड उघडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवावीत. कमजोरी हळूहळू आली की एकदम? आणि ती एका जागी आहे की सगळीकडे? एवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो.

आधी आतली रचना. समोर रबर, कापड किंवा जाळी. तिच्यामागे फोमचा एक किंवा अधिक थर. फोममागे धातूची किंवा कडक प्लास्टिकची पाटी, आणि त्या पाटीला दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेली पिएझोची चकती. चकती म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्यावर बसवलेला सिरॅमिकचा थर, व्यास साधारण २७ किंवा ३५ मिलिमीटर. दाब किंवा वाक आला की काही स्फटिकांत विद्युतदाब तयार होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. तोच गुण इथे कामाला येतो. पाटी थरथरते, चकती किंचित वाकते, दोन तारांमधून विजेची एक उसळी मॉड्यूलपर्यंत जाते आणि तिच्या उंचीवरून मॉड्यूल ठोक्याचा जोर ठरवतं.

फोमचं काम पायाला उसळी देणं, खोलीतला धपधप आवाज कमी करणं आणि बीटरचा धक्का सारखा पसरवून पाटीपर्यंत पोचवणं. मऊ पृष्ठभागाची गरज किती खरी आहे, हे या वाद्याच्या इतिहासातच दिसतं: १९८१ मध्ये आलेल्या सिमन्स एसडीएस-५ या इलेक्ट्रॉनिक ड्रमचे षटकोनी पॅड कडक पॉलिकार्बोनेटचे होते आणि ते वाजवून वादकांची मनगटं दुखायची.

फोमचं दुखणं सावकाश येतं. बीटर पडतो तिथे आधी चकाकी येते, मग खळगा पडतो. अंगठ्याने दाबून पाहिलं तर खळग्याची जागा आणि कडेची जागा यांत स्पष्ट फरक लागतो. पण खळगा पडलेला फोम नेहमी आवाज कमीच करतो असं नाही, आणि इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. फोम फाटून भुगा झाला असेल तर बीटरचा धक्का त्या भुग्यातच जिरतो आणि हलके ठोके हरवतात. उलट फोम दबून घट्ट झाला असेल तर धक्का जवळजवळ थेट पाटीवर बसतो. मग मधली पायरीच उरत नाही, प्रत्येक ठोका कमाल जोराचा वाटतो, आणि बीटर टणकन उडून परत टेकल्यामुळे एकाचे दोन आवाज होतात. म्हणजे तोच झिजलेला फोम एका पॅडवर आवाज खातो आणि दुसऱ्यावर वाढवतो.

पिएझोच्या बाजूचं दुखणं सहसा एकदम येतं. काल चाललं, आज नाही. किंवा मधेच येतं, मधेच जातं, केबल हलवली की बदलतं. खरं तर चकती स्वतः क्वचितच मरते. तिच्यावरच्या दोन बारीक तारांपैकी एकीचा सोल्डर सुटणं किंवा जॅक सैल होणं हे कितीतरी जास्त आढळतं. सिरॅमिकला तडा गेला तर आवाज पूर्ण बंद न होता अशक्त होऊ शकतो, आणि हीच स्थिती झिजलेल्या फोमसारखी भासते. फरक एवढाच, की तडा गेलेली चकती पॅडच्या सगळ्या भागावर सारखीच मंद असते.

पॅड न उघडता करायची सगळ्यात चांगली परीक्षा बीटरची आहे. बीटरची दांडी दोनेक सेंटीमीटर वर किंवा खाली सरकवा आणि त्याच जोराने वाजवा. पिएझो बहुतेक पॅडमध्ये मध्याजवळ असतो, त्यामुळे निरोगी पॅडवर मध्यापासून सरकलं की आवाज थोडा कमी व्हायला हवा. तो उलट वाढला किंवा आधी लहरी असलेले ठोके नीट येऊ लागले, तर दोष त्या खळग्याचा, म्हणजे फोमचा. काहीच फरक पडला नाही आणि सगळीकडे तीच मरगळ असेल, तर मागच्या बाजूला पाहायला हवं.

त्याआधी केबल आणि मॉड्यूल निर्दोष आहेत याची खात्री करून घ्यावी. किकची केबल काढून स्नेअरच्या पॅडला लावा आणि त्यावर काडी मारा. किकचा आवाज नीट आला तर केबल आणि मॉड्यूलचं इनपुट दोन्ही ठीक. या कामाला मिनिटभर लागतं, तरी ते वगळून लोक थेट स्क्रूड्रायव्हर हातात घेतात याचं मला वाईट वाटतं.

डबल ट्रिगरसाठी, म्हणजे एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर, वेगळी परीक्षा. ठोका मारून पाय लगेच मागे घ्या, बीटर पॅडवर दाबून ठेवू नका. दुसरा आवाज नाहीसा झाला तर बीटर उडून परत टेकत होता, म्हणजे फोम कडक झालाय किंवा पेडलच्या स्प्रिंगचा ताण पायाला जुळत नाही. तरीही दोन आवाज येत राहिले तर आत काहीतरी जास्त वेळ थरथरतंय.

ते काहीतरी बहुधा चिकटपट्टी असते. फोम आणि पिएझो या दोघांच्या भांडणात हा तिसरा दोषी सुटून जातो. पट्टीचा गोंद वाळला की चकतीची एक कड पाटीपासून उचलली जाते. मग चकती पाटीबरोबर न हलता स्वतंत्र फडफडते. कधी आवाज दबतो, कधी दुप्पट होतो, पॅडच्या चौकटीवर बोट वाजवलं तरी किक वाजते. फोम नवा आहे, चकतीवर तडा नाही, सोल्डर पक्का आहे, आणि तरी पॅड लहरीपणाने वागतंय, तर चकतीची कड नखाने अलगद तपासावी.

उघडल्यावर मल्टिमीटर असेल तर उत्तम. तो एसी व्होल्टवर ठेवून तारांना लावा आणि पाटीवर टिचकी मारा. आकडे उडायला हवेत. नेमका आकडा किती, याला महत्त्व नाही. रोधाच्या मापात एकटी चकती उघड्या सर्किटसारखी दिसते. समांतर रेझिस्टर जोडलेला असेल तर त्याचा आकडा येईल. जवळजवळ शून्य आलं तर कुठेतरी तारा एकमेकींना टेकल्यात. मीटरवर धारकता (कपॅसिटन्स) मोजता येत असेल तर २७ मिलिमीटरच्या चकतीला साधारण २० नॅनोफॅरड मिळायला हवेत. फारच कमी आले तर तडा आहे असं समजायला हरकत नाही.

आता दुरुस्ती. झीज फक्त वरच्या कातडीपुरती असेल तर स्वतः चिकटणारा किक पॅच पुरतो. खोल खळग्यावर पॅच लावल्याने थोडे दिवस बरं वाटतं, खळगा आतून वाढतच राहतो. पूर्ण फोम बदलण्याआधी एक साधी गोष्ट पाहावी: बीटर मध्याच्या थोडा वर किंवा खाली पडत असेल, तर फोमचा तुकडा अर्धा फिरवून बसवला की अस्पर्श भाग बीटरसमोर येतो. बदलायचाच असेल तर जाडी मोजून तेवढीच ठेवावी आणि घट्ट विणीचा, बंद छिद्रांचा ईव्हीए किंवा निओप्रीनसारखा फोम घ्यावा. उशीतला मऊ फोम धक्का गिळून टाकतो. मूळ पॅडमध्ये पुढे कडक, मागे मऊ असे दोन थर असतील तर तोच क्रम पाळावा. जाळीच्या पॅडमध्ये फोमइतकाच जाळीचा ताणही बघावा. ती सैल पडली की बीटर मागच्या फोमवर आपटू लागतो.

पिएझोच्या बाबतीत हात हलका हवा. तार पितळेवर लावायला थोडी उष्णता लागते, पण सिरॅमिकवरच्या चांदीच्या मुलाम्यावर सोल्डरिंग आयर्न सेकंदभरच टेकवावं. जास्त वेळ धरलं तर मुलामा निघतो आणि सिरॅमिकचा गुणही घटतो. हात सरावलेला नसेल तर तारा आधीच जोडलेली चकती घेणं शहाणपणाचं. व्यास जुन्याइतकाच ठेवावा आणि लाल-काळ्या तारा होत्या तशाच जोडाव्यात, कारण उलट जोडणीने काही मॉड्यूल ठोका उशिरा किंवा चुकीच्या जोराचा वाचतात. पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी दुहेरी फोम टेप लावावी, आणि चकती बसवताना पितळेच्या कडेवर दाबावं, मधल्या सिरॅमिकवर नाही. सुपरग्लूने चिकटवू नये असं मी आग्रहाने सांगेन: पुढच्या वेळी चकती न मोडता निघणार नाही. तारेला थोडी ढील ठेवून ती पाटीवर ग्लूच्या एका थेंबाने धरून ठेवावी, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा झटका सोल्डरला बसत नाही.

मॉड्यूलच्या सेटिंगला सगळ्यात शेवटी हात लावावा. पॅड बिघडलेलं असताना वाढवलेली सेन्सिटिव्हिटी दुरुस्तीनंतर तशीच राहिली तर चांगलं पॅडसुद्धा ओरडू लागतं. आधी ती मूळ आकड्यावर आणावी. मग हलक्यातला हलका ठोका ऐकू येईपर्यंत थ्रेशोल्ड, म्हणजे मॉड्यूल ज्याखालचे ठोके सोडून देतं ती मर्यादा, खाली घ्यावा, पण शेजारचा टॉम वाजवल्यावर किक वाजेल इतका नाही. डबल आवाज उरला तरच रिट्रिगर कॅन्सल, म्हणजे लागोपाठचा दुसरा आवाज दाबणारं सेटिंग, एकेक पायरी वाढवावा; फार वाढवला तर जलद वाजवताना खरे ठोकेही गिळले जातात. नवा फोम सुरुवातीला वापरताना थोडा बसतो, म्हणून हे आकडे काही दिवसांनी पुन्हा एकदा तपासून घ्यावे लागतात.