बोडीच्या पाण्याशी नातं सांगणारा चिलखती मासा

मे महिन्यात बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आटत आली की तिच्या काठावर थोडा वेळ बसून पाहावं. गुडघाभर उरलेल्या कोमट, गढूळ पाण्यात मध्येच बुडबुडा फुटतो, एक काळं तोंड क्षणभर वर येतं आणि लगेच खाली जातं. मांगूर, सिंगी, मरळ ही मंडळी या दिवसांत हवा घ्यायला वर येतात. मांगूरच्या कल्ल्यांच्या वर फांद्याफांद्यांचा तांबडा अवयव असतो, तो हवेतला प्राणवायू शोषतो. सिंगीच्या अंगात कल्ल्यांपासून शेपटीकडे जाणाऱ्या दोन लांब पिशव्या असतात. मरळच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेचा कप्पाच असतो. हे सगळं करावं लागतं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशाला तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो. शिवाय तळातला कुजणारा पाला आणि चिखल उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिण अमेरिकेतल्या संथ ओढ्यांत आणि पूर ओसरल्यावर मागे राहणाऱ्या डबक्यांत, नेमकी हीच अडचण आहे. तिथल्या एका छोट्या माशानं त्यावर शोधलेला उपाय मात्र अगदी वेगळा. तो आतड्यानं श्वास घेतो.

या माशाचं नाव कॉरिडोरास. मत्स्यालयाच्या दुकानात त्याला ‘कोरी’ म्हणतात. बोटाएवढा, पोटाकडून चपटा, तोंडाशी मिशांच्या जोड्या, आणि सतत वाळूत नाक खुपसून काहीतरी शोधणारा. आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळतो तो कांस्य रंगाचा, सहा-सात सेंटिमीटर लांबीचा कोरी. थिओडोर गिल यांनी १८५८ मध्ये त्रिनिदाद बेटावरच्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुस्तकांत आणि दुकानांत तो ‘कॉरिडोरास एनियस’ म्हणूनच भेटतो. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या गटाची फेरमांडणी केली आणि त्याला ‘ऑस्टिओगॅस्टर’ या वेगळ्या प्रजातीत ठेवलं, पण हे नवं नाव दुकानापर्यंत पोचायला वेळ लागेल. त्याचा एक जवळचा नातलग, ठिपक्यांचा कॉरिडोरास, चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता.

कोरी झपकन पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट गिळतो आणि तितक्याच वेगानं तळाशी जातो. गिळलेली हवा आतड्याच्या मागच्या भागात पोचते. तिथली भिंत अतिशय पातळ, आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. प्राणवायू तिथून रक्तात जातो, उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. गंमत म्हणजे पाणी स्वच्छ आणि प्राणवायूनं भरलेलं असलं तरी तो अधूनमधून हवा घेतोच, कारण पोटातल्या हवेमुळे त्याला पाण्यात तोल सांभाळता येतो. कळपातले मासे बरेचदा एकापाठोपाठ एक वर जातात. वर जाण्याचा क्षण धोक्याचा असतो. बगळा वरून पाहत असतो, मोठा मासा खालून. सगळे मिळून गेले तर एकट्यावर नजर ठरत नाही.

मात्र कोरी तासाला एखाद-दुसऱ्यांदा वर जाण्याऐवजी सारखा वर धावू लागला, तर ते पाणी बिघडल्याचं लक्षण समजावं. कल्ल्यांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, म्हणून तो हवेवर भागवतोय.

आता चिलखताकडे वळू. कोरीच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, एक वरची, एक खालची. कवेलूच्या छपरासारख्या या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, त्यामुळे अंग वाकतंही आणि झाकलेलंही राहतं. पाठीवरच्या आणि छातीच्या परांना पुढे एकेक कठीण काटा असतो. धोका जाणवला की मासा हे काटे ताठ करून जागच्या जागी अडकवतो, मग गिळणाऱ्याच्या घशात तो आडवा बसतो. सिंगीचा काटा ज्याच्या बोटात एकदा गेला त्याला काट्याची कळ वेगळी सांगायला नको. कोरीचा काटा तितका जहरी नसला तरी टोचला की बोट झोंबतं. मत्स्यालयात हे काटे जाळीत अडकतात. अशा वेळी मासा ओढू नये, जाळीचे धागे कापावेत. जाळी स्वस्तात मिळते, मोडलेला काटा माशाला महाग पडतो.

आपल्या गावात हा मासा पाळायचा तर पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. विदर्भात पाणी एकसारखं नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी या माशाला चालत नाही, क्षार तो फारसे सोसत नाही. तिथं छपरावरचं पावसाचं पाणी साठवून ते मिसळावं. भंडारा-गोंदियाकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी त्यामानानं सोपं. गावच्या नळाला ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, आणि माणसांच्या आरोग्यासाठी ती टाकलीच पाहिजे. पण त्यातल्या क्लोरीननं माशाचे कल्ले जळतात, आणि गाळणीत राहणारे, माशाची घाण निरुपद्रवी करणारे जिवाणूही मरतात. म्हणून नळाचं पाणी उघड्या बादलीत किमान एक दिवस ठेवून मगच वापरावं.

हे जिवाणू म्हणजे मत्स्यालयाचा खरा पाया. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही साखळी नव्या टाकीत बसायला काही आठवडे जातात. शनिवारी टाकी आणली, रविवारी पाणी भरलं आणि सोमवारी मासे सोडले, तर आठवड्याभरात मासे मरतात आणि दोष माशांवर जातो. हवा गिळण्याची सोय कोरीला कमी प्राणवायूतून वाचवते, अमोनियातून नाही. लोडशेडिंगमध्ये पंप तासन्‌तास बंद पडतो तिथं हा फरक लक्षात ठेवावा. दोन-तीन तास वीज गेली तर कोरी हवेवर निभावतो, पण गाळणी बंद असताना खायला मात्र घालू नये.

तळाला बारीक, धुतलेली नदीची वाळू हवी. हा मासा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं टिपतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. हे दृश्य पाहण्यासाठीच कोरी पाळावा असं मला वाटतं. बांधकामाची क्रश सॅण्ड किंवा गिट्टीची चुरी धारदार असते, ती त्याच्या मिशांना घातक. पण वाळू कितीही चांगली असली आणि तिच्यात उरलेलं अन्न कुजत राहिलं, तरीही मिशा झडतात. त्या मिशांनीच तो अन्न हुडकतो, म्हणून वाळू अधूनमधून हलवून वरचा गाळ नळीनं ओढून घ्यावा.

निदान सहा मासे एकत्र ठेवावेत. एकटा कोरी कोपऱ्यात दडून राहतो, कळपातला दिवसभर हिंडतो. सहांसाठी साठ लिटरची टाकी बरी, आणि ती उंचीपेक्षा लांबीला जास्त असावी, कारण त्याचा संसार तळाशी आहे. झाकण आणि पाणी यांच्यात मोकळी जागा राहू द्यावी, हवा घ्यायला ती लागतेच. खायला तळाशी बुडणाऱ्या गोळ्या, गांडुळाचे बारीक तुकडे, कधी उकडलेला वाटाणा. दुसऱ्या माशांची घाण खाऊन तो जगतो असा समज आहे, तो चुकीचा. विष्ठा कुठलाच कोरी खात नाही, आणि उष्ट्यावर ठेवलेला कोरी हळूहळू खंगतो.

उन्हाळा हा आपल्याकडचा सगळ्यात अवघड भाग. कांस्य कोरीला २२ ते २६ अंश पाणी मानवतं. नागपूर-चंद्रपूरकडे घरातल्या टाकीचं पाणी मेमध्ये सहज त्याच्या वर जातं. पण आपली उन्हाळी हवा कोरडी असते, हा मोठा फायदा. टाकीचं झाकण काढून वर बारीक जाळी बांधावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते आणि पाणी दोन-तीन अंशांनी खाली येतं. पाणी झपाट्यानं आटतं, ते भरत राहावं. टाकी भिंतीला लागून पश्चिमेच्या खोलीत ठेवू नये. बर्फाचे खडे एकदम टाकू नयेत, अचानकचा फरक माशाला झेपत नाही. ज्यांच्या घरी पाणी थंड राहणं शक्यच नाही, त्यांनी ‘स्टेर्बाय’ जातीचा कोरी पाहावा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी छातीचे पर असलेला हा मासा थोडं उबदार पाणीही सोसतो.

आणि मग पाऊस येतो. मृगाच्या सरींनी नाल्यात नवं पाणी आलं की आपले मासे प्रवाहाविरुद्ध चढून धानाच्या बांधीत अंडी घालायला येतात, हे झाडीपट्टीत पोराटोरांना माहीत आहे. कोरीचंही तसंच. त्याच्या देशात पावसाळ्याच्या तोंडाशी थंड, मऊ पाणी आलं की विणीचा हंगाम सुरू होतो. म्हणून टाकीतलं अर्धं पाणी काढून त्यात टाकीपेक्षा दोन-चार अंशांनी थंड पाणी घातलं, की बरेचदा दुसऱ्या दिवशी मासे जोड्या जुळवू लागतात. आपल्याकडे जूनच्या अखेरीला साठवलेलं पावसाचं पाणी यासाठी सगळ्यात चांगलं.

या वेळी जे घडतं ते प्राणिसृष्टीतल्या चमत्कारिक गोष्टींपैकी एक आहे. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते आणि दोघांची आकृती इंग्रजी टी अक्षरासारखी होते. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की या वेळी मादी नराचं शुक्र चक्क पिते. ते तिच्या आतड्यातून काही सेकंदांत पार जातं आणि गुदद्वारातून बाहेर येतं. त्याच क्षणी तिनं पोटाखालचे दोन पर जोडून ओंजळ केलेली असते, तिच्यात काही अंडी सोडलेली असतात, आणि शुक्र थेट त्या ओंजळीत पोचतं. पचनमार्गातून जाऊनही शुक्रपेशी जिवंत राहतात. हवेला झटकन वाट देणारं आतडं इथंही उपयोगी पडत असावं, असा तर्क करायला जागा आहे. त्यानंतर मादी काचेचा किंवा पानाचा एखादा तुकडा आधी तोंडानं साफ करते आणि चिकट अंडी तिथं चिकटवते. दिवसभरात शंभर-दोनशे अंडी होतात. आईबाप ती खातातही, म्हणून अंडी असलेलं पान वेगळ्या भांड्यात ठेवावं. २५ अंशाला तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

कोरीचा एक मोठा नातलगही दुकानात विकला जातो, आणि त्याच्याबद्दल मला कळकळीनं लिहायचं आहे. तो म्हणजे ‘सकर’, टाकी साफ करणारा म्हणून दिला जाणारा काळपट, ठिपकेदार, तोंडानं काचेला चिकटणारा मासा. तोही दक्षिण अमेरिकेचा, तोही चिलखती, आणि त्याच्या पट्ट्यांवर तर खरेखुरे सूक्ष्म दात उगवलेले असतात. विकतात तेव्हा तो बोटभर असतो, वाढतो अर्धा मीटरपर्यंत. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला दया म्हणून तलावात सोडतात. तो मरत नाही, कारण तोही हवा घेतो, पोटानं. जे पाणी आटताना रोहू, कतला तडफडतात त्यात तो आरामात राहतो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात एकेकाळी तिलापियाची मोठी मासेमारी होती. सकर पसरल्यावर जाळ्यांत तेच भरू लागले. आपल्या देशात केरळ, आंध्र, पूर्व कोलकात्याचे पाणथळ आणि वाराणसीजवळची गंगा इथं तो सापडला आहे.

आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांना त्याचा आणखी एक धोका आहे. नर अंड्यांसाठी काठाच्या मातीत मीटरभर खोल बिळं करतो. आपल्या तलावांची पाळ मातीचीच आहे, कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली. ती पोखरली गेली तर धानाचं पाणीही जाईल. मासेमार संस्थांनी बोटुकली सोडून वाढवलेल्या मृगळ-रोहूंचं खाणं तो खाईल, ढीवरांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतील, आणि बाजारात त्याला भाव नाही. बाहेरचा मासा एकदा आला की परत जात नाही, हे आपण ‘थाई मांगूर’ नावानं आलेल्या आफ्रिकन मांगूरच्या बाबतीत पाहिलं आहे. २००० पासून बंदी असूनही तो अधूनमधून बाजारात सापडतोच.

म्हणून सकर घेऊच नये. घेतला असेल आणि वाढला असेल तर दुकानदाराला परत द्यावा, किंवा मोठी टाकी असलेल्याला. तलाव, विहीर, नहर, वैनगंगा, कुठंही सोडू नये. जाळ्यात आला तर पाण्यात परत न टाकता फोटो काढून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं. आणि काठावर फेकला म्हणजे संपला असं धरून चालू नये. अंग ओलं राहिलं तर हा मासा पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो, आणि पाळीवरून घसरत पुन्हा पाण्यापर्यंत पोचू शकतो.