गाडी कधी भरायची, हे डीपीला विचारा

मे महिन्यात विदर्भातल्या गावाचा भार संध्याकाळी सातनंतर एकदम चढतो. वावरातून माणसं परततात. कूलर, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं एकाच वेळी सुरू होतं. आता त्यात इलेक्ट्रिक स्कूटर आणि मालवाहू तीनचाकींची भर पडली आहे. गाडी दारात लागली की लगेच प्लगला. मग लाईन जाते आणि शिव्या लाईनमनला बसतात.

समजा, ६० घरांच्या गावठाणाला ६३ केव्हीए क्षमतेचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या क्षमतेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.९ धरला तर त्यातून जेमतेम ५६-५७ किलोवॅट मिळतात. घरटी अर्धा किलोवॅट म्हणजे ३०. वीस स्कूटर, पाऊण किलोवॅटचे चार्जर: १५. चार तीनचाकी, प्रत्येकी ३: एकूण १२. झाले ५७, डीपी काठोकाठ. पण या गाड्यांना रात्रभरात वीज लागते किती? स्कूटरला दोन युनिट, तीनचाकीला आठ धरा. सगळ्या मिळून ७२ युनिट. रात्री दहा ते सकाळी सहा अशी पसरली तर सरासरी ९ किलोवॅट. एकदम लावल्या तेव्हा २७ होते.

डीपीला हा फरक फार मोठा. प्रवाह दुप्पट झाला की वेटोळ्यांतली उष्णता चौपट होते, आणि आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य दर ६ अंश वाढीला साधारण निम्मं होतं. आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतात.

यावर स्वस्त दराचा उपाय सांगितला जातो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार स्मार्ट मीटरवाल्या ग्राहकांना दिवसा, सौर तासांत, दर किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. चांगलंच आहे. पण नुसत्या दराच्या भरवशावर राहिलं तर सगळे एकाच ठोक्याला टायमर लावतात. दिवसा गाड्या बाहेर असतात, म्हणून समजा स्वस्त दर रात्री दहाला सुरू केला, तर कूलर तेव्हाही चालूच असतात; सातची गर्दी दहावर जाते, एवढंच.

म्हणून मायक्रोग्रिडचा, म्हणजे स्वतःचे सौर पॅनल आणि बॅटरी असलेल्या गावापुरत्या छोट्या वीजजाळ्याचा, नियंत्रक वेगळा प्रश्न विचारतो: गाडी हवी कधी? दूधवाला म्हणतो, “मले सकाळी पाचले निघा लागते, तोवर भरली पायजे.” त्याला तीन तासांचं चार्जिंग लागतं आणि हातात सात तास आहेत, म्हणजे सवड चार तासांची. मास्तरांची स्कूटर नऊला निघते, तिची सवड जास्त. ज्याची सवड कमी, त्याचा नंबर आधी. दर १५ मिनिटांनी, दिवसातून ९६ वेळा, हा हिशोब नव्याने मांडला जातो. कुणी उशिरा आला, कुणाला लवकर निघायचं ठरलं, तरी रांग आपोआप हलते. उन्हात तापून आलेल्या लिथियम बॅटरीलाही थोडं थांबून भरलेलं मानवतं.

दिवसाची गोष्ट निराळी. दुपारी छतावरचं सौर पॅनल जोरात असतं, पण गाड्या तालुक्याला. मग ते ऊन साठवायचं कुठे? ग्रामपंचायतीच्या टाकीत! ५ एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट, ती पहाटेऐवजी बाराला चालवली की टाकी भरते आणि बॅटरीचा खर्च वाचतो. चक्कीवाल्यालाही दळण दुपारी घ्यायला सांगता येईल, अर्थात गिऱ्हाईक ऐकेल तर.

वादळात लाईन गेली की मायक्रोग्रिड बाहेरच्या जाळ्यापासून सुटा होतो आणि स्वतःच्या पॅनल-बॅटरीवर चालतो. अशा वेळी मोबाइलचं नेटवर्कही बहुधा गेलेलं असतं. तरी निरोप पोचतो, कारण विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तनं, गावभर एकच असते. बॅटरीवर ताण आला की इन्व्हर्टर ती ५० हर्ट्झच्या थोडी खाली आणतो. ते ओळखून चार्जर हात आखडता घेतात, आरोग्य उपकेंद्रातला लशींचा फ्रिज मात्र चालू राहतो. आणि लाईन पहाटेही जाऊ शकते, हे धरून नियंत्रक दूधवाल्याची गाडी पाचच्या काठावर न ठेवता तीनपर्यंतच भरून मोकळा होतो.