रोझेल: आनंदीबाईंच्या पत्त्यामागचे गाव

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील रोझेलचे नाव बहुधा त्यांना तिथे आधार देणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या घराचा पत्ता एवढ्यापुरतेच येते आणि कथा लगेच फिलाडेल्फियाकडे वळते. या गावाला मात्र स्वतःचा इतिहास आहे, आणि तो आनंदीबाईंच्या आगमनाच्या वर्षाशी विलक्षण रीतीने जुळलेला आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे अब्राहम क्लार्क इथले. १७२६ मध्ये त्यांचा जन्म झाला, तेव्हा ही जमीन एलिझाबेथटाउनमध्ये मोडत असे. व्यवसायाने ते जमीन मोजणारे. गोरगरिबांना कायद्याचा सल्ला देत असल्याने लोक त्यांना ‘गरिबांचा वकील’ म्हणत. स्वातंत्र्ययुद्धात त्यांचे दोन मुलगे ब्रिटिशांच्या कैदेत सापडले. ‘जर्सी’ या तुरुंग-जहाजावर त्यांच्यापैकी एकाचे अतोनात हाल झाले. गावातील माध्यमिक शाळा आज त्यांचेच नाव चालवते.

रोझेलची खरी ख्याती मात्र विजेमुळे झाली. सप्टेंबर १८८२ मध्ये थॉमस एडिसन यांनी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीज पुरवायला सुरुवात केली होती. पण तिथल्या तारा रस्त्याखालून नेलेल्या होत्या आणि घरे विरळ असलेल्या गावाला तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. एकाच केंद्रातून, खांबांवरच्या तारांनी, अख्ख्या गावाला प्रकाश देता येतो हे दाखवण्यासाठी एडिसन यांनी रोझेल निवडले. १९ जानेवारी १८८३ रोजी वाफेच्या इंजिनावर चालणारे केंद्र सुरू झाले आणि रेल्वे स्थानक, एक दुकान, सुमारे ४० घरे व रस्त्यांवरील १५० दिवे उजळले. पुढे त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही विजेचे झुंबर लागले. आपल्या गल्लीत विजेचा खांब उभा राहतो, त्या साध्या दृश्याचे मूळ शोधत गेल्यास या छोट्या गावाची आठवण काढावीच लागते.

त्याच गावात थिओडिशिया कार्पेंटर राहत होत्या. १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपला नंबर लागण्याची वाट पाहताना त्यांनी एक मिशनरी नियतकालिक चाळले. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरातून केलेला पत्रव्यवहार त्यात छापलेला होता. संपादक वाइल्डर यांनी गोपाळरावांना धर्मांतर सुचवले होते; कार्पेंटरबाईंनी तशी कुठलीही अट न घालता थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या पत्रव्यवहारातूनच ‘मावशी’ हे नाते जुळले. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे राहिले.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तिथे मावशी त्यांना न्यायला आल्या होत्या. रोझेलच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागून तेव्हा जेमतेम साडेचार महिने झाले होते. अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी तो उन्हाळा याच गावात काढला आणि शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली.

रोझेल १८९४ मध्ये लिंडनपासून वेगळे होऊन स्वतंत्र नगर झाले. आनंदीबाई त्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात वारल्या होत्या. त्यांची रक्षा मावशीकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, घरच्या माणसांच्या शेजारी ती ठेवली गेली.