टूर्नामेंट म्हणजे ट्रायआउट नाही: कॉलेजची व्हॅलोरंट टीम निवडणाऱ्यांसाठी

फेस्टचा मोसम आला की तेच सुरू होतं. कॉलेजला व्हॅलोरंटची, म्हणजे पाच विरुद्ध पाच खेळायच्या ऑनलाइन शूटिंग गेमची, टीम पाहिजे म्हणून पोस्टर पडतं, 'टीम सिलेक्शन टूर्नामेंट', पाच-पाच जणांनी मिळून नाव द्या, जिंकेल ती टीम कॉलेजकडून खेळेल. मग ती टीम इंटरकॉलेजला जाते, पहिलीच मॅच ३-१३ ने हरते, आणि सगळे म्हणतात आपल्या कॉलेजात टॅलेंटच नाही. टॅलेंट आहे हो. ते कोणी शोधलंच नाही, एक स्पर्धा घेतली आणि तिलाच निवड म्हणून टाकलं.

टूर्नामेंट कशी असते हे सगळ्यांना पाठ आहे, ब्रॅकेट, नॉकआउट, फायनलला माईकवर ओरडणारं कोणीतरी. ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी, तिथे टीम नाव देत नाही, एकेकटा खेळाडू देतो, आणि कोण कोणाबरोबर खेळणार हे निवडणारे ठरवतात. बक्षीस आहे का, किती दिवस चालतं, लॅबमध्ये की घरून, हे फरक किरकोळ आहेत, जमेल तसं करा.

नॉकआउटने निवड केली की काय होतं बघा. हॉस्टेलचे पाच मित्र, त्यातला एक इमॉर्टल, म्हणजे खूप वरच्या रँकचा, बाकी चार गोल्ड नाहीतर सिल्व्हर, म्हणजे बरेच खालचे. कॉलेज लेव्हलला तो एकटा चौघांना कॅरी करून फायनल काढू शकतो. तिकडे एसवायची एखादी मुलगी रोज किलजॉय हे बचावाचं पात्र खेळते, एकटीने साइट, म्हणजे बॉम्ब लावायची जागा, धरून ठेवते, पण तिच्या ओळखीत खेळणारे अजून चार जण नाहीत म्हणून ती नावच देत नाही. म्हणजे चार जण मैत्रीवर आत आले आणि जी हवी होती ती बाहेर राहिली. टूर्नामेंट जरूर घ्या, फेस्टला मजा येते, नवी पोरं कळतात, पण तिच्यावरून टीम ठरवू नका.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटतं. खरा घोळ याच्या पुढे आहे आणि तो हुशार मंडळीही करतात. ट्रायआउट ठेवतात, दहा जणांची कस्टम, म्हणजे खासगी मॅच, लावतात, मॅच संपली की स्कोअरबोर्डचा स्क्रीनशॉट काढतात आणि वरची पाच नावं उचलतात. अरे, ही परत टूर्नामेंटच झाली ना, फक्त टीमच्या जागी एकेक माणूस!

स्कोअरबोर्डवर नावं लागतात कॉम्बॅट स्कोअरने, आणि त्यात मुख्य वजन डॅमेजला आणि किल्सला. जेट किंवा रेझ ही हल्ल्याची पात्रं (ड्युएलिस्ट) घेऊन पहिला आत घुसणाऱ्याला ते जास्त मिळणारच, त्याचं कामच ते आहे. ओमेन हे पात्र घेणारा योग्य वेळी स्मोक, म्हणजे नजर अडवणारा धूर, टाकतो म्हणून जेट आत जिवंत पोचते, पण त्या स्मोकचे तिथे फारसे मार्क नाहीत. सेंटिनल, म्हणजे किलजॉयसारखा राखणदार, अख्खा राउंड मागची बाजू राखत बसतो, तिकडून कोणी येत नाही, त्याच्या खात्यात शून्य. मग वरचे पाच बहुतेक ड्युएलिस्टच निघतात. कबड्डीत सातही रेडर घेऊन कोणी मैदानात उतरतं का? आणि याहून वाईट म्हणजे पोरांना कळतं की किल्स मोजतायत, मग स्पाइक (बॉम्ब) प्लांट करायला कोणी तयार होत नाही, जो तो दुसऱ्याला पुढे ढकलून मागून किल घेतो, म्हणजे ज्या सवयीने टीम मोडते तिलाच तुम्ही मार्क देताय.

त्यापेक्षा कस्टममध्ये ऑब्झर्व्हर म्हणून बसा, सगळ्यांचा व्हॉइस रेकॉर्ड करा आणि नंतर शांतपणे ऐका. साथीदार मेला की दोन-तीन सेकंदात मारणाऱ्याला उलट मारून कोणी ट्रेड घेतं का. स्वतः मेल्यावर 'एक जण बी मेन, ८४ डॅमेज' असं, शत्रू कुठे आणि किती घायाळ एवढंच सांगून गप्प बसतो की पुढचा अख्खा राउंड शिव्या देतो. सगळे पुढच्या राउंडसाठी गेममधले पैसे सेव्ह करत असताना हा एकटाच २९०० ची व्हँडल बंदूक घेतो का. ४-९ असताना आवाज कसा होतो, हे तर मी सगळ्यात आधी ऐकतो, कारण जिंकताना सगळेच गोड बोलतात. मॅप सगळ्यांना तोच द्या, असेंट चांगला, दोनच साइट आहेत आणि सगळ्यांना माहितीचा आहे. प्रत्येक मॅचनंतर टीम फिरवा, एक मॅच स्वतःच्या रोलमध्ये, एक दुसऱ्याने दिलेल्या रोलमध्ये. वेळ लागतो, हो, लागू दे.

रँक फक्त दारावर बघायचा, फार गर्दी झाली तर. मी तर न बोलणाऱ्या इमॉर्टलपेक्षा नीट कॉल देणारा डायमंड घेईन, कितीही वाद घाला. रँक्डमध्ये तासाभरात टीम सुटते, इथे तेच पाच जण सबमिशन आणि केटीच्या धावपळीत वर्षभर एकत्र खेळायचे असतात. म्हणून प्रॅक्टिसला कोणत्या वेळी येणार हे फॉर्ममध्येच विचारा, आणि सगळी टीम टीवायची भरू नका, पुढच्या वर्षी परत शून्यापासून सुरू होतं.

'गेमसाठी कुठे एवढी निवड' असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांमधले ईस्पोर्ट्स युवा आणि क्रीडा मंत्रालयाकडे दिले आणि हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्याला पदकंही होती. जिमखाना व्हॉलीबॉलची ट्रायल जशी मनापासून घेतो तशीच इथे घ्यायची.

पाच आणि दोन सब असे सात ठरले की लगेच जाहीर करू नका, आधी आठवडाभर स्क्रिम्स (सरावाच्या मॅच) खेळवा. आणि जे राहिले त्यांना नुसतं 'सॉरी भावा' पाठवू नका, 'नेम छान आहे पण ड्युएलिस्ट आमच्याकडे भरलेत, ओमेनचे स्मोक शिकून पुढच्या टर्मला ये' असं स्पष्ट लिहा, आणि त्या ट्रायआउटची तारीख त्याच मेसेजमध्ये टाका.