रिकाम्या सर्व्हरचे वॅट आणि लिंकच्या झोपेचा वाद : पार्श्वभूमी

घरगुती सर्व्हरचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. कुणी फाइल मागेपर्यंत, रात्रीचा बॅकअप सुरू होईपर्यंत तो नुसता चालू असतो, आणि त्याच्या वर्षभराच्या वीजवापराचा मोठा हिस्सा या वाट पाहण्याचाच असतो. अखंड लागणारा एक वॅट वर्षाकाठी ८.७६ युनिट खातो; वीस वॅट उतरवता आले तर १७५ युनिट वाचतात. हे वीस वॅट कुठे अडकून बसतात, याचे उत्तर गेल्या दोन दशकांतल्या काही निर्णयांत सापडते, आणि ते जवळजवळ सगळे निर्णय लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून घेतलेले होते.

प्रोसेसरला थांबवणारी 'हॉल्ट' सूचना १९७८ च्या ८०८६ या चिपमध्येही होती. वीज वाचवण्याचे रीतसर नियम मात्र पुढे आले: १९९२ मधल्या एपीएम या नियमावलीत सूत्रे फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच बसवलेल्या प्रोग्रामच्या, हाती होती, तर १९९६ च्या एसीपीआय या नियमावलीने ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिली. पण ही सूत्रे पूर्णपणे हस्तांतरित झाली नाहीत. काही बाबतींत 'याला हात लावू नका' असे सांगण्याचा अधिकार फर्मवेअरकडेच राहिला, आणि पुढचा वाद नेमका तिथूनच उद्भवला.

२००७ हे या विषयातले महत्त्वाचे वर्ष म्हणावे लागेल. तोपर्यंत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, काम असो वा नसो, प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा ठरावीक ठोक्याने उठवत असे, २.६ मालिकेच्या सुरुवातीला हा ठोका सेकंदाला १००० पर्यंत गेला होता. एप्रिल २००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या प्रोसेसरचा ठोका थांबवण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षी कोणता प्रोग्राम प्रोसेसरला किती वेळा उठवतो हे दाखवणारे पॉवरटॉप आले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या निबंधाने दाखवून दिले की मोठ्या डेटा केंद्रांतले सर्व्हर बहुतांश वेळ दहा ते पन्नास टक्के क्षमतेनेच राबतात आणि अगदी रिकामे असतानाही कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज घेतात. मोठ्या केंद्राला कामे थोड्या यंत्रांवर गोळा करून उरलेली बंद ठेवता येतात. घरी यंत्र एकच असते, त्यामुळे तो उपाय इथे लागू पडत नाही आणि रिकामे असताना यंत्राला जास्तीत जास्त खोल झोपवणे हाच एकमेव मार्ग उरतो.

झोप किती खोल आहे याचे माप म्हणजे सी-स्टेट (आकडा जितका मोठा तितकी झोप खोल), आणि हा शब्द फार घोटाळ्याचा आहे. एसीपीआयच्या सी१, सी२, सी३ वेगळ्या, चिपच्या एकेका कोअरच्या, म्हणजे काम करणाऱ्या गाभ्याच्या, वेगळ्या आणि सबंध पॅकेजच्या, म्हणजे पूर्ण चिपच्या, आणखी वेगळ्या. कर्नलने सी३ म्हणून नोंदवलेली अवस्था प्रत्यक्षात चिपची सी६ असू शकते. पॉवरटॉपच्या 'आयडल स्टॅट्स' पानावर डावीकडे पॅकेजचा रकाना असतो आणि त्याच्या शेजारी कोअरचा. घरगुती सर्व्हरवर वारंवार दिसणारे चित्र असे, की कोअरच्या रकान्यात सीसी७ (कोअरची खोल झोप) पुढे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के झळकत असतात आणि पॅकेजच्या रकान्यात मात्र पीसी२ (पॅकेजची उथळ झोप) च्या खालच्या सगळ्या ओळी शून्यावर असतात. पाहणारा कोअरकडे बघून समाधान मानतो, पण पॅकेज खोल झोपण्यासाठी सर्व कोअर, ग्राफिक्स आणि कार्डांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या लिंक या सगळ्यांची संमती लागते. एकच कार्ड जागे राहिले की मेमरी कंट्रोलर, अंतर्गत घड्याळे आणि त्यांना वीज पुरवणारे भाग हेही जागे राहतात.

कार्डाच्या लिंकला झोपवणाऱ्या सोयीचे नाव एएसपीएम. ही पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तिच्यावरून २०११ मध्ये लिनक्समध्ये जे घडले त्याकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे आजही जात नाही. 'हे यंत्र एएसपीएमला पाठिंबा देत नाही' अशी खूण फर्मवेअरच्या एका तक्त्यात असू शकते. ती खूण दिसली की जुना कर्नल स्वतः काही बदलत नसे. फर्मवेअरने आधीच काही लिंकवर एएसपीएम चालू करून ठेवले असेल तर ते तसेच राहत असे. मार्च २०११ च्या २.६.३८ आवृत्तीने या खुणेचा अर्थ शब्दशः घेतला. पाठिंबा नाही म्हणजे कुठेच चालू नको, असे मानून फर्मवेअरने चालू ठेवलेलेही बंद करण्यात आले. यामागे हेतू वाईट नव्हता, कारण लिंक झोपवल्यावर काही उपकरणे खरोखरच गोठत असत आणि खुणेचा तोच अर्थ सर्वांत सरळ होता.

परिणाम मात्र उलटा झाला. अनेक लॅपटॉप आधीपेक्षा जास्त वीज घेऊ लागले, आणि कारण सापडायला काही महिने लागले. तोवर 'pcie_aspm=force', म्हणजे 'पीसीआयई-एएसपीएम-फोर्स' हा बूट पर्याय तोडगा म्हणून फिरू लागला, ज्याने काहींची वीज वाचली आणि काहींची यंत्रे अडकली. शेवटी दुसरी लोकप्रिय ऑपरेटिंग सिस्टिम अशा वेळी काय करते हे तपासले गेले, तेव्हा ती ही खूण पाहून फर्मवेअरच्या मांडणीला हातच लावत नाही असे दिसले. मार्च २०१२ च्या ३.३ आवृत्तीत लिनक्सनेही तोच मार्ग धरला. यंत्रे गोठू नयेत ही सावधगिरी मला मान्य आहे, पण कागदावरच्या अर्थापेक्षा यंत्रे प्रत्यक्षात कशावर तपासून विकली जातात हे आधी पाहायला हवे होते, कारण त्या चुकीची किंमत वापरणाऱ्यांनी वर्षभर मोजली.

डिस्कची कथा थोडक्यात सांगता येते. ३.५ इंची डिस्कची चकती थांबवली की काही वॅट लगेच सुटतात, म्हणून सर्वांचे लक्ष प्रथम तिकडेच जाते. २०१० च्या सुमारास काही डिस्क आठ सेकंद शांतता मिळताच वाचण्या-लिहिण्याची डोकी चकतीवरून बाजूला नेऊन ठेवत. सर्व्हरवर दर अर्ध्या मिनिटाला एखादी नोंद लिहिली जात असेल तर हे दिवसाला २,८८० वेळा घडते, आणि डोक्यांच्या अशा ३,००,००० फेऱ्यांची मर्यादा साधारण १०४ दिवसांत संपते. पॉवर सप्लायच्या बाबतीतही रिकाम्या सर्व्हरचा विचार झाला नव्हता: कार्यक्षमता सांगणाऱ्या, २००४ पासूनच्या ८० प्लस प्रमाणपत्राची मोजणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होत असे, तर ५०० वॅटच्या सप्लायवर पंचवीस वॅटचा सर्व्हर पाच टक्क्यांवर असतो, जिथे ते प्रमाणपत्र काहीच सांगत नाही. दहा टक्क्यांवरची अट त्याच प्रमाणपत्राच्या टायटेनियम श्रेणीसोबत आली.

२०१२ मध्ये लिंकला आणखी खोल झोपवणाऱ्या एल१.१ आणि एल१.२ या उपअवस्था पीसीआय एक्सप्रेसच्या नियमावलीत आल्या, आणि लिनक्सने त्या २०१७ मध्ये आत्मसात केल्या. याच काळात एका फार पसरलेल्या नेटवर्क चिपच्या ड्रायव्हरमध्ये एएसपीएम कधी चालू, कधी बंद करण्यात आले, कारण काही संगणकांवर जोडणी तुटत होती. मधल्या सगळ्या फेरबदलांत २०१२ चा तोडगा तसाच राहिला, आणि आज घरगुती सर्व्हरची अडचण त्यातूनच येते. फर्मवेअरने ठेवले तसे राहू द्यायचे, हा नियम लॅपटॉपला हितकारक ठरला, कारण तिथे बॅटरीसाठी उत्पादकाने सगळे चालू करून दिलेले असते. डेस्कटॉप आणि सर्व्हरच्या मदरबोर्डवर मात्र बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या मांडणीत, एएसपीएम पुष्कळदा बंद असते, आणि कर्नलचे मूळ धोरण ते बंदच राहू देते. ते बायोसमध्ये उघडावे लागते किंवा कर्नलचे धोरण 'पॉवरसेव्ह' करावे लागते, आणि त्यानंतरही कार्डाची साथ लागते. पॅकेजचा रकाना पीसी२ वरून हलत नसेल तर एकेक कार्ड काढून पुन्हा बूट करणे आणि भिंतीच्या सॉकेटला लावलेल्या वॅटमीटरवरचा आकडा प्रत्येक वेळी लिहून ठेवणे, एवढाच खात्रीचा मार्ग अजूनही आहे.