‘ओपन सेसमी’ ओरिजिनल आहे का? फोटो पाठवण्याआधी हे वाचा

घरच्या जुन्या कपाटात जॅझ ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डची ‘ओपन सेसमी’ ही तबकडी सापडली की आमच्या रेकॉर्डच्या दुकानात फोन येतो: ओरिजिनल, म्हणजे त्या काळच्या छपाईची, आहे का, आणि किती मिळतील? पाठोपाठ कव्हरचे दहा-बारा फोटो येतात. त्यावरून आम्हाला काहीच सांगता येत नाही. मग पुन्हा फोटो, पुन्हा फोन, आणि आठवडा जातो.

कव्हर जुनं असलं तरी आतली तबकडी नंतरची असू शकते. हा अल्बम काढणारी ब्लू नोट कंपनी १९६६ च्या सुमारास लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. गोदामात उरलेली जुनी कव्हरं आणि जुनी लेबलं पुढेही वापरली गेली. म्हणून लेबलवर ‘४७ वेस्ट ६३, एनवायसी’ असा ब्लू नोटचा जुना पत्ता दिसला तरी हुरळून जाऊ नका.

खरा पुरावा असतो लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत, शेवटचं गाणं संपल्यावर सुई जिथे फिरत राहते तिथे. एक खूण ‘आरव्हीजी’. ही ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरं, साच्यातूनच तबकडीवर उमटणारी. न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्सच्या त्यांच्या स्टुडिओत १९ जून १९६० ला हा अल्बम मुद्रित झाला. दुसरी खूण म्हणजे वळणदार इंग्रजी ‘पी’, अगदी माणसाच्या कानासारखी दिसणारी. ती तेव्हा ब्लू नोटच्या तबकड्या छापणाऱ्या प्लॅस्टिलाइट या कारखान्याची. आम्ही सगळे तिला ‘कान’च म्हणतो. ‘आरव्हीजी’ आहे पण कान नाही, तर साचा जुना आणि तबकडी नंतरची. तिला भाव कमी येतो, पण वाजते सुरेख. अशी प्रत मोडीत काढू नका.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि दुसऱ्या मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडा. समोरून उजेड टाकला तर पट्टी नुसती चमकते, कान दिसतच नाही. दोन्ही बाजूंची पट्टी आणि लेबलं, एवढे चार फोटो पुरेत. आणि कृपा करून ओल्या फडक्याने पुसून पाठवू नका. धूळ आम्ही मशीनवर काढतो. खाचेत घासून बसलेली धूळ मात्र निघत नाही.

फोनवर आम्ही भाव सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण तबकडी पूर्ण वाजवल्याशिवाय सांगितलेला भाव हा अंदाजच. आम्ही आधी पहिल्या बाजूचं दुसरं गाणं लावतो, ‘बट ब्यूटिफुल’. संथ, हळुवार रचना आहे. ट्रम्पेटच्या लांब सुरामागे बारीकशी करकर असली तरी लगेच कळते. तपासणीचं शुल्क घेतो, तबकडी आम्हीच विकत घेतली तर ते परत देतो.

ज्यांना संग्रह नको, फक्त ऐकायचं आहे, त्यांनी ओरिजिनलच्या मागे पैसे घालवू नयेत. आमच्याकडे नव्या छपाईच्या प्रती असतात. बँडचा नेता म्हणून हबर्डचा हा पहिलाच अल्बम, वय अवघं २२. सोबत टेनर सॅक्सोफोनवर टीना ब्रूक्स. शीर्षकगीत आणि ‘जिप्सी ब्लू’ या रचना ब्रूक्स यांच्याच. पियानोवर तरुण मॅकॉय टायनर. दुकानात या, एक बाजू लावून देतो. घ्यायची की नाही ते ऐकून ठरवा.